गाडीच्या रंगाचे टवके : चंद्रपूर-गडचिरोलीतील घरगुती दुरुस्ती

गाडीच्या रंगाचे टवके बहुधा ठरलेल्या जागीच उडतात. बॉनेटची पुढची कड, पुढचा बंपर, काचेच्या वरची टपाची पट्टी आणि चाकांच्या मागे दरवाज्याखाली असलेला पत्रा या त्या जागा. पहिल्या तीन ठिकाणी समोरच्या वाहनाने उडवलेला खडा लागतो, चौथ्या ठिकाणी गाडीचेच चाक खडे फेकते. खड्याच्या वजनापेक्षा त्याचा वेग महत्त्वाचा असतो, कारण आघाताची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी ७० किलोमीटरने जाणाऱ्या कारला समोरून तेवढ्याच वेगाने येणाऱ्या ट्रकच्या चाकाखालून सुटलेली गिट्टी लागली, तर हरभऱ्याएवढा तुकडाही पत्र्यापर्यंत पोचतो.

चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत असे ट्रक टाळून गाडी चालवणे शक्य नाही. घुग्घुस, माजरी, सास्ती, दुर्गापूर इथल्या खाणींचा कोळसा, गडचांदूर-आवारपूर पट्ट्यातील सिमेंट आणि बल्लारपूरच्या कागद कारखान्याकडे जाणारा बांबू व लाकूड या साऱ्याची वाहतूक त्याच रस्त्यांवरून होते. गडचिरोलीच्या दक्षिण भागात २०२१नंतर एटापल्ली तालुक्यातील सूरजागडच्या लोहखनिजाची वाहतूक झपाट्याने वाढली आणि आलापल्ली-आष्टी रस्त्यावर खनिजाच्या ट्रकांची रांग नेहमीची झाली. डांबराचा थर उखडला की खालची गिट्टी मोकळी होते. खडी क्रशरमधून आलेली असते, तिच्या कडा धारदार असतात. नदीतला गुळगुळीत गोटा रंगावर फक्त डाग पाडून निसटतो; क्रशरची गिट्टी मात्र रंग कापत जाते.

या भागात घरच्या दुरुस्तीला महत्त्व येते ते अंतरामुळे. सिरोंचा ते गडचिरोली हे अंतर दोनशे किलोमीटरच्या आसपास आहे, भामरागडही जिल्ह्याच्या गावापासून दूरच. रंगाचे भट्टीगृह असलेली मोठी वर्कशॉप चंद्रपुरात किंवा थेट नागपुरात. तालुक्याच्या ठिकाणी नोकरीवर असलेला शिक्षक, तलाठी किंवा आरोग्य कर्मचारी तांदळाच्या दाण्याएवढ्या टवक्यासाठी दोन दिवसांची रजा टाकून गाडी तिकडे नेत नाही. टवका तसाच राहतो, पावसाळा येतो आणि दाण्याएवढी जागा पुढच्या दिवाळीपर्यंत रुपयाच्या नाण्याएवढी होते. दुरुस्ती अवघड नाही. ती कधी करायची आणि टवका किती खोल आहे, या दोन गोष्टी नीट कळल्या की उरलेले काम सबुरीचे आहे.

कारखान्यातून आलेल्या गाडीच्या पत्र्यावर चार थर असतात. फॉस्फेटची प्रक्रिया केलेल्या पोलादावर आधी विजेच्या साहाय्याने बसवलेला गंजरोधक थर येतो; तो साधारण २० मायक्रॉन जाडीचा असतो. त्यावर ३० ते ४० मायक्रॉनचा प्रायमर, त्यावर १५-२० मायक्रॉनचा प्रत्यक्ष रंग आणि सर्वांत वर ४० ते ५० मायक्रॉनचा पारदर्शक लॅकर. सगळे मिळून १०० ते १४० मायक्रॉन, म्हणजे डोक्याचे दोन केस एकावर एक ठेवले तर जेवढी जाडी होईल तेवढेच हे आवरण. डोळ्यांना दिसणारा रंग हा यातला सर्वांत पातळ थर आहे. चमक लॅकरची असते, संरक्षण तळाच्या थराचे. टवक्यात नेमका कोणता थर फुटला यावर पुढचे सगळे काम ठरते.

गंज धरायला लोखंड, प्राणवायू आणि पाणी तिन्ही लागतात. हवेतील सापेक्ष आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या खाली असेल तर उघड्या पोलादावर गंज फार सावकाश चढतो. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात दुपारची आर्द्रता वीस-पंचवीस टक्क्यांपर्यंत उतरते, पारा ४६-४७ अंशांवर जातो. कोकणातल्या गाडीला खाऱ्या हवेत बाराही महिने जो त्रास होतो, तो इथे नाही. त्यामुळे फेब्रुवारीत उडालेला टवका मे महिन्यातही जवळपास तसाच कोरडा, फार तर तपकिरी झाक आलेला दिसतो आणि मालकाला वाटते की याला काही होत नाही. हा समज महागात पडतो. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत हवा ओलीच असते. गडचिरोलीत पाऊस चंद्रपूरपेक्षाही जास्त पडतो, आणि चाकामागच्या खाचेत बसलेला चिखल पत्र्याला आठवडेच्या आठवडे ओला ठेवतो. लोखंडाचा गंज झाला की त्याचे आकारमान दुपटीहून अधिक वाढते. जागा मिळवण्यासाठी तो शेजारचा धड रंग खालून उचलतो, त्या फटीत पुन्हा पाणी शिरते आणि टवका आतल्या आत पसरत जातो. वरून दिसतो तो फक्त फुगवटा.

औद्योगिक पट्ट्यात यात आणखी एक भर पडते. कोळसा जळताना सल्फर डायऑक्साइड बाहेर पडतो, ओलाव्यात त्याचे आम्ल होते आणि गंजण्याचा वेग वाढतो. २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातील अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांची यादी केली, तेव्हा चंद्रपूर तिच्यात वरच्या क्रमांकांमध्ये होते. ऊर्जानगर, तुकूम, दुर्गापूर भागांत रात्री उघड्यावर ठेवलेल्या गाडीवर सकाळी औष्णिक वीज केंद्राच्या राखेचा पातळ थर दिसतो. तिच्यावर टवका उघडा ठेवणे आणि धानोऱ्याच्या जंगलालगतच्या गावात ठेवणे एकसारखे नाही.

दुरुस्तीची सुरुवात धुण्यापासून होते. इथल्या गाड्यांवरची धूळ साधी माती नसल्यामुळे हे पहिले पाऊलच जपून टाकावे लागते. औष्णिक केंद्राच्या राखेत सिलिकाचे कण असतात. सकाळी ऑफिसला निघताना कोरडे फडके मारून गाडी पुसायची सवय घरोघरी आहे. त्या एका सवयीने लॅकरवर जितके बारीक ओरखडे पडतात तितके सगळ्या प्रवासात पडत नाहीत. वरून भरपूर पाणी सोडून राख आधी वाहून जाऊ द्यावी, मगच शाम्पूचा बोळा फिरवावा. गडचांदूर आणि घुग्घुस भागात सिमेंटची धूळ बसते. तिच्यावर दव पडले की ती तिथेच धरते. असे ठिपके नखाने खरवडले तर त्यांच्याबरोबर लॅकर निघतो. व्हिनेगर आणि पाणी निम्मे निम्मे घेऊन कापड भिजवावे, ठिपक्यांवर काही मिनिटे ठेवावे आणि मग भरपूर पाण्याने धुवावे. सिमेंट अल्कधर्मी असल्याने सौम्य आम्लाने ते सुटते. मात्र ज्या जागी पत्रा उघडा पडला आहे तिथे व्हिनेगर लागू देऊ नये, कारण तेच आम्ल पोलादालाही खाते.

आलापल्ली-आष्टी रस्त्यावरच्या पांढऱ्या गाड्यांवर तांबूस धूळ चढते. सूरजागडचे लोहखनिज हेमेटाइट आहे, म्हणजे आधीच ऑक्साइड झालेले लोखंड. गंज आणि ही धूळ रसायनाने भाऊबंद असल्याने रंगाने सारखीच दिसतात, आणि टवक्याभोवती तांबडे वर्तुळ पाहून लोक घाबरतात. ओल्या कापडाने पुसल्यावर निघून गेले तर ती धूळ. पुसूनही टवक्याच्या कडेला चिकटून राहिले, आणि सुईचे टोक लावल्यावर कडेचा रंग उचलला गेला, तर तो गंज.

धुऊन गाडी सुकली की सावलीत, तिरप्या उजेडात टवका पाहावा. थेंबभर पाणी लावल्यावर ओरखडा दिसेनासा झाला तर फक्त लॅकर गेला आहे. तिथे रंग भरायची गरजच नाही, पॉलिशने काम होते. आत राखाडी किंवा पांढुरका थर दिसला तर प्रायमर शिल्लक आहे. त्याहून खाली काळसर, मंद थर दिसला तर कारखान्याचा गंजरोधक थर जागेवर आहे, आणि ही चांगली बातमी असते. चकाकता धातू दिसला तर पत्रा उघडा पडला. तपकिरी दिसला तर उशीर झाला, पण हाताबाहेर गेलेले नाही. बऱ्याच नव्या गाड्यांचा पत्रा जस्ताचा थर दिलेला असतो. तिथे लोखंडाआधी जस्त झिजते, त्यामुळे तांबड्याऐवजी पांढरी भुकटी दिसते. ती दिसली तरी काम तेच. बंपर प्लास्टिकचा असतो, तो कधीच गंजत नाही. त्याची घाई करण्याचे कारण नाही. घरच्या माणसांचा सगळा जीव बहुधा बंपरवरच्या टवक्यांत अडकलेला असतो, कारण ते समोर दिसतात. लक्ष द्यायला हवे ते दरवाज्याखालच्या पट्टीकडे. तिथे वाकून कोणी बघत नाही, आणि गाड्या सडतात त्या तिथूनच.

रंग जुळवण्यासाठी नावावर जाऊ नये. ‘पांढरा’ म्हणून मागितलेली बाटली दुसऱ्याच पांढऱ्याची निघते. प्रत्येक गाडीवर रंगाचा संकेतांक असतो. कंपनीनुसार तो इंजिनाच्या खोलीतल्या पट्टीवर किंवा दरवाज्याच्या खांबावरच्या चिकटपट्टीवर सापडतो. मारुतीच्या जुन्या गाड्यांवर सुपिरियर व्हाइटचा २६यू आणि सिल्की सिल्व्हरचा झेड२एस हे संकेतांक सर्रास दिसतात. कंपनीच्या विक्रेत्याकडे त्या संकेतांकाची टच-अपची छोटी बाटली मिळते, टोपणाला बारीक ब्रश असतो. गाडी सात-आठ वर्षे चंद्रपूरच्या उन्हात उभी राहिली असेल तर मूळ रंगच उतरलेला असतो, आणि अचूक संकेतांकाची बाटलीही एक छटा गडद दिसते. अशा वेळी पेट्रोलच्या तोंडावरचे झाकण काढून रंगाच्या दुकानात न्यावे. संगणकावर किंवा मिस्त्रीच्या नजरेने त्यावरून रंग घोटून मिळतो, आणि अनुभवी मिस्त्रीची नजर जुन्या गाडीसाठी अधिक भरवशाची ठरते. बाटली आणल्यावर पहिला ठिपका गाडीवर न देता पांढऱ्या कार्डावर द्यावा, वाळू द्यावा आणि कार्ड गाडीला लावून दिवसाच्या उजेडात पाहावे. ओला रंग आणि वाळलेला रंग यांत फरक असतो.

पांढरा रंग घरगुती दुरुस्तीला सर्वांत सोयीचा आहे. उन्हामुळे या भागात पांढऱ्या गाड्याच जास्त घेतल्या जातात, हे त्या दृष्टीने बरेच म्हणायचे. चंदेरी किंवा राखाडी मेटॅलिक रंगात ॲल्युमिनियमचे पापुद्रे असतात. स्प्रेने ते एका दिशेने आडवे बसतात, ब्रशने वाटेल तसे. त्यामुळे मेटॅलिक रंगाची टच-अप जवळून कायम ओळखू येते. ते मान्य करूनच काम हाती घ्यावे. पत्रा झाकला जाणे हा पहिला हेतू असला तर निराशा होत नाही.

आता एक टवका जवळून पाहू. बॉनेटच्या कडेवर मुगाच्या दाण्याएवढी जागा, मध्ये तपकिरी ठिपका, भोवती राखाडी कडा. आजूबाजूचा रंग वाचवण्यासाठी टवक्याभोवती मास्किंग टेपची चौकट लावायची, चौकट टवक्यापासून दोन-तीन मिलिमीटर दूर. बांबूची काडी टोकाला सपाट छाटायची, तिच्यावर ४०० नंबरच्या वॉटर पेपरचा इवलासा तुकडा फेव्हिक्विकने चिकटवायचा आणि पेन धरतो तशी धरून टवक्याच्या तळात गोल फिरवायची. दाब कमी ठेवायचा. पहिली तपकिरी भुकटी उडून जाते, खाली काळपट ठिपके उरतात. खड्ड्यांत रुतलेला गंज तो हाच. तो सुईच्या टोकाने उकरायचा. काठावरचा रंग सुईने हळूच उचलून पाहायचा. जो सुटतो तो सुटू द्यायचा, कारण सैल कडेवर नवा रंग दिला तर पहिल्या पावसात दोन्ही मिळून निघतात. टवका यात थोडा मोठा होतो. जीव हळहळतो, पण दुसरा मार्ग नाही. तळ एकसारखा चकाकला की ८०० नंबरच्या ओल्या कागदाने कडेची पायरी मोडून उतरती करायची. बोटाच्या टोकाला पायरी लागली नाही म्हणजे झाले.

खड्ड्यांतला गंज पूर्ण निघत नसेल तर रस्ट कन्व्हर्टर वापरतात. त्यात फॉस्फोरिक किंवा टॅनिक आम्ल असते. ते गंजाचे रूपांतर काळसर, स्थिर संयुगात करते. सुईच्या टोकाएवढा थेंब पुरे. बाटलीवर दिलेला वेळ थांबून, सांगितले असेल तर ओल्या कापडाने टिपून जागा कोरडी करावी. सैल गंजाच्या पापुद्र्यावर कन्व्हर्टर ओतून वर रंग फासणे म्हणजे श्रम वाया. तो खालचा गंज खरवडल्यानंतर उरलेल्यासाठी आहे.

उघडा झालेला पत्रा तसाच ठेवून जेवायला जाऊ नये. दमट दिवशी स्वच्छ पोलादावर काही तासांत नवी तपकिरी झाक येते. प्रायमरच्या आधी जागेवरचा तेलकटपणा घालवावा लागतो. त्यासाठी औषधाच्या दुकानातले आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसावर घेऊन पुसणे सर्वांत चांगले. पेट्रोलने पुसायची रीत जुनी आहे, पण पेट्रोल मागे चिकट थर सोडते. एनसी थिनर त्याहून धोक्याचा, कारण गाडीचा तो भाग पूर्वी कुठे रंगवलेला असेल तर थिनर तो रंगच विरघळवतो. गाडीवर सिलिकॉनचे पॉलिश मारलेले असेल आणि ते पुसले गेले नसेल, तर नवा रंग त्या जागी आकसून गोल गोल खळगे पडतात. कितीही थर दिले तरी ते भरत नाहीत. सगळे पुसून पुन्हा सुरुवात करावी लागते.

प्रायमरसाठी ऑटो पेंटच्या दुकानातला प्रायमरच घ्यावा. हार्डवेअरच्या दुकानात खिडकीच्या गजांना लावायचा लाल रेड ऑक्साइड स्वस्त मिळतो आणि घरात बहुधा उरलेलाही असतो. तो तेलाच्या आधाराचा आहे, सावकाश वाळतो, आणि वरून टच-अपच्या रंगातला तीव्र द्रावक आला की सुरकुततो. हा अनुभव गावोगावच्या गाड्यांवर सुरकुतलेल्या ठिपक्यांच्या रूपाने पाहायला मिळतो. प्रायमरचा ठिपका फक्त उघड्या धातूवर, काडीच्या टोकाने, पातळ द्यावा. कडेच्या रंगावर चढलेला प्रायमर पुढे राखाडी कंकण होऊन दिसतो.

रंग देताना सगळ्यांचा कल एकाच मोठ्या थेंबात खड्डा भरण्याकडे असतो. थेंबाचा वरचा पापुद्रा आधी वाळतो, आतला द्रावक अडकतो, आठवड्याने थेंब मध्यभागी खचतो आणि कडेला उंच राहतो. बाटली आतली गोळी खडखडेपर्यंत चांगली हलवावी. टोपणाचा ब्रश बहुतेक वेळा फार जाड असतो. शून्य नंबरचा चित्रकलेचा ब्रश किंवा टोकदार काडी बरी. टवक्याच्या मध्यभागी रंगाचा अगदी लहान ठिपका ठेवावा आणि तो स्वतःहून कडेपर्यंत पसरू द्यावा. अर्ध्या तासाने दुसरा. वाळताना रंग बसतो, म्हणून तीन-चार थर लागतात. शेवटी रंगाची पातळी भोवतालच्या पृष्ठभागापेक्षा किंचित खाली राहिली पाहिजे, कारण त्यावर लॅकर यायचा आहे. लॅकरचे दोन ठिपके मात्र पातळीच्या थोडे वर येऊ द्यावेत.

यानंतर किमान आठवडाभर त्या जागेला हात लावायचा नाही. वरून कडक वाटणारा लॅकर आत मऊ असतो. मग २००० नंबरचा वॉटर पेपर साबणाच्या पाण्यात भिजवून, खोडरबराच्या लहान तुकड्यावर गुंडाळून, फक्त उंचवट्यावर फिरवावा. पेपर पाण्यात, रबर ताठ, हात हलका. दर काही वेळाने पुसून पाहावे. आजूबाजूचा लॅकर ४०-५० मायक्रॉनच आहे, हे विसरले की कडेचा मूळ रंग उघडा पडतो. शेवटी रबिंग कंपाऊंड आणि पॉलिश. मेण महिनाभर लावू नये. उरलेला द्रावक बाहेर पडायला तेवढा वेळ लागतो. सपाटीकरणाचे हे शेवटचे काम ज्यांच्या हाताला जमणार नाही असे वाटते, त्यांनी ते सोडून दिले तरी काही बिघडत नाही. थोडा उंचवटा दिसेल, पण पत्रा सुरक्षित राहील.

या सगळ्यासाठी चंद्रपूर-गडचिरोलीचे उत्तम महिने म्हणजे दिवाळीनंतरपासून होळीपर्यंतचे. हवा कोरडी, दुपारचे तापमान बेताचे, धूळ त्या मानाने कमी. जानेवारीच्या पहाटे मात्र काम करू नये. दव पत्र्यावर दिसेनासे झाले तरी पत्रा थंड असतो. दहा-अकरानंतर सुरुवात करावी. मे महिन्यात करायचेच असेल तर सूर्य वर येण्याआधी आणि छपराखाली. उन्हातला काळा किंवा गडद बॉनेट ७० अंशांच्या पुढे तापतो. त्यावर ठेवलेला रंग ब्रश उचलायच्या आत वाळायला लागतो, आतला द्रावक बुडबुडे होऊन बाहेर पडतो आणि पृष्ठभागावर टाचणीच्या टोकाएवढी भोके राहतात. बॉनेटवर हात सहज ठेवता येत नसेल तर रंगाची बाटली उघडायची नाही, एवढा नियम पुरे.

पावसाळ्यात टवका उडाला तर रंगाचे काम करूच नये. लॅकरमधला द्रावक उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतले पाणी त्यावर बसते आणि लॅकर दुधाळ होतो. त्या वेळी फक्त पाणी अडवायचे. गाडी छपराखाली घ्यावी, टवका धुऊन हेअर ड्रायरने चांगला सुकवावा आणि पारदर्शक नेलपॉलिशचा ठिपका द्यावा. नेलपॉलिश हाही नायट्रोसेल्युलोजचाच लॅकर आहे. दुधाळ झाला तरी चालेल, दोन-तीन महिने तो पाणी अडवतो. जुलैच्या पावसात भामरागड-आलापल्ली रस्ता पर्लकोटा नदीच्या पुरात बंद पडतो तेव्हा वर्कशॉपचा प्रश्नच उरत नाही, आणि घरातल्या बाटलीतला हा ठिपका पत्रा वाचवतो. दिवाळीत तो अल्कोहोलने नव्हे, ॲसिटोनने पुसून रीतसर काम करावे. ॲसिटोन कापसाच्या काडीवर, फक्त ठिपक्यापुरता.

जंगलातल्या रस्त्यांवर टवक्यांइतकेच ओरखडेही होतात. बांबूच्या फांद्या आणि रायमुनियाची काटेरी झुडपे पावसाळाभर वाढून अरुंद रस्त्यावर येतात. हे ओरखडे बहुधा लॅकरपुरतेच असतात, पॉलिशने जातात. नख फिरवल्यावर नख अडकत असेल तर मात्र ते टवक्यासारखेच भरावे लागतात, एकेक थर, ओरखड्याच्या लांबीने. मार्च-एप्रिलमध्ये मोहाच्या झाडाखाली गाडी ठेवली की गळलेली फुले उन्हात चिकटून डाग पाडतात. मोहाच्या फुलांवर येणाऱ्या पक्ष्यांची विष्ठा त्याहून वाईट, ती लॅकर खाते. दोन्ही ओल्या कापडाखाली मऊ करून उचलावेत, घासू नयेत.

घरी काय करू नये हेही सांगायला हवे. नाण्याहून मोठा टवका, रंगाखाली आलेले फोड, दरवाज्याखालच्या पट्टीत बोट दाबल्यावर मऊ लागणारा पत्रा ही डेंटिंग-पेंटिंगच्या मिस्त्रीची कामे आहेत. जुनी गाडी असेल तर कापडात गुंडाळलेले चुंबक पत्र्यावर फिरवून पाहावे. एखाद्या जागी ते धरत नसेल तर तिथे पूर्वी जाड पुट्टी भरलेली आहे आणि वरचा टवका हे वरवरचे लक्षण आहे. हार्डनर मिसळून वापरायचा टू-के रंग किंवा लॅकर घरी स्प्रे करू नये. त्यातले आयसोसायनेट श्वासातून गेले तर दमा जडू शकतो, आणि कापडी किंवा साधा मास्क ते अडवत नाही. गॅरेजमध्ये रोज तो मारणाऱ्या पोरांना योग्य मास्क मिळत नाही, ही खरी चिंतेची गोष्ट आहे. गाडी तिथे देणाऱ्याने तेवढे विचारायला हरकत नाही. थिनर आणि ॲसिटोन चुलीपासून, गॅसपासून लांब ठेवावेत, आणि त्यांची चिंधी नालीत टाकू नये.

पुढचे टवके पूर्ण टाळता येत नाहीत, कमी करता येतात. गिट्टीच्या किंवा खनिजाच्या ट्रकमागे गाडी चिकटवून चालवण्यात वेळ वाचत नाही. शंभर मीटर मागे राहिले तर चाकातून सुटलेला खडा पोचण्याआधीच रस्त्यावर पडतो. चारही चाकांना मडफ्लॅप असावेत. कित्येक गाड्यांना ते विकत घेऊन लावावे लागतात, आणि दरवाज्याखालच्या पट्टीसाठी त्याहून स्वस्त संरक्षण नाही. जास्त फिरणाऱ्यांनी बॉनेटच्या पुढच्या पट्ट्यापुरती पारदर्शक फिल्म बसवावी, पूर्ण गाडीला लावण्याची आवश्यकता नसते. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात गाडी धुऊन, खाली चटई टाकून, चाकांच्या मागचे चारही पट्टे आडवे पडून पाहावेत. जे सापडेल ते पहिल्या पावसाआधी निदान झाकून घ्यावे.

उरलेली टच-अपची बाटली गाडीच्या डॅशबोर्डच्या खणात ठेवू नये. उन्हाळ्यात बंद गाडीतल्या उष्णतेने रंग घट्ट होतो. गळ्यावरचा रंग पुसून, टोपण घट्ट लावून ती घरात थंड, अंधाऱ्या जागी ठेवली तर दोन-तीन वर्षे सहज टिकते. बाटलीवर गाडीचा क्रमांक आणि रंगाचा संकेतांक लिहून ठेवावा, म्हणजे पुढच्या वेळी शोधाशोध करावी लागत नाही.